सीट कव्हर नवं, ब्रेक मात्र रामभरोसे!

आमच्या घरी एक गाडी आहे. पांढरी, छोटी, २०१३ सालची. पप्पांनी ती सेकंडहँड आणली तेव्हा मी आठवीत होते. त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले होते, चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. आता मीच बावीस वर्षांची आहे आणि गाडीनं नव्वद हजार किलोमीटरचा आकडा कधीच ओलांडलाय.

या गाडीत घरातल्या प्रत्येकाचं काही ना काही आहे. दादानं पहिल्या पगारातून म्युझिक सिस्टीम बसवली, नऊ हजारांची. आईनं मागच्या दिवाळीत सीट कव्हर बदलून घेतलं, डॅशबोर्डवरचा गणपतीही तिचाच. मोबाईल होल्डर आणि तो लेमनचा परफ्यूम माझा. पेट्रोल, इन्शुरन्स आणि रविवारी सकाळी बादली घेऊन धुणं पप्पांकडे.

आणि ब्रेक?

ते कुणाचेच नाहीत. जिना झाडायचं काम जसं अपार्टमेंटमधल्या प्रत्येकाचं असतं, म्हणजे कुणाचंच नसतं, तसं घरच्या गाडीच्या ब्रेकचं होतं. तुमच्याही घरी असंच असणार, पैजेवर सांगते. दुचाकी ‘माझी’ असते, घरची गाडी मात्र ‘आपली’ असते. आणि ‘आपली’ वस्तू कधीच कुणी उघडून बघत नाही.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि गाडी आवाज करायला लागली. ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून ‘चींऽऽ’. पप्पा म्हणाले, पावसाचं आहे, डिस्कवर गंज धरतो, दोन-चार ब्रेक मारले की जातो. आता गंमत बघा, हे खोटं नव्हतं. पावसाळ्यात गाडी रात्रभर उभी राहिली की लोखंडी डिस्कवर तांबूस थर येतो, सकाळी खरखर होते आणि पुढच्या सिग्नलपर्यंत थांबते. पण आमचा आवाज पुढच्या सिग्नलपर्यंत काय, रंकाळ्यापर्यंत गेलो तरी थांबत नव्हता. अर्धं खरं असलेलं उत्तर फार सोयीचं असतं. ते मिळालं की पुढं विचारावं लागत नाही.

जुलैमध्ये वळणावर गाडी कलली की डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. दादानं बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइल कमी दिसलं, दुकानातून बाटली आणून त्यानं भरून टाकलं. दिवा गेला. आम्ही सगळे खूश!

ते का कमी झालं, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही. इंजिन ऑइल थोडं थोडं जळतं, पेट्रोल तर जळण्यासाठीच असतं, पण ब्रेक ऑइल जळत नाही. ते बंद नळ्यांमध्ये असतं. आपण पेडल दाबतो, त्याचा दाब या ऑइलमधून चाकापर्यंत जातो, पुढं पॅड डिस्कला चिमटा घेतात आणि मागं लायनर ड्रमला आतून रेटतात. डब्यातली पातळी खाली गेली तर कारणं साधारण दोनच. एक तर पॅड इतके झिजलेत की ती जागा भरायला जास्त ऑइल चाकाकडे जाऊन बसलंय, नाहीतर कुठून तरी गळतंय. दिवा तेच सांगत होता. आम्ही त्याच्या तोंडात बाटली कोंबून त्याला गप्प केलं.

आमच्याकडे, नंतर कळलं, दोन्ही कारणं होती.

आईचं माहेर साखरप्याच्या पुढं. दरवर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी आम्ही कोल्हापुरातून निघतो, मलकापूर, आंबा करत घाट उतरतो. गाडी पाच जणांची, आम्ही सहा, त्यात आजीचं गाठोडं आणि डिकीत नारळ. घाटात धुकं असतं, रस्ता ओला असतो आणि समोरून एस.टी. येते. यंदा निघायला पंधरा दिवस राहिले असताना मला पहिल्यांदा भीती वाटली. जेवताना मी म्हटलं, “पप्पा, जायच्या आधी ब्रेक दाखवूया.”

“काय होत नाही गं. चालतंय की.”

मी पुन्हा म्हटलं. मग त्यांचा आवाज चढला. “सत्तावीस वर्षं गाडी चालवतोय मी. मला शिकवू नकोस.”

आई मध्ये पडली, दादा मोबाईलमध्ये शिरला, आमटी गार झाली.

तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, मी काय बोलले आणि त्यांनी काय ऐकलं, यात फरक होता. मी म्हणत होते ‘ब्रेक तपासूया’. त्यांना ऐकू आलं, ‘तुम्ही आमचा जीव धोक्यात घालताय’. ज्या माणसानं कर्ज काढून गाडी घेतली ती घरच्यांना पावसात भिजायला लागू नये म्हणून, त्याला हे लागणारच. म्हणून दुसऱ्या दिवशी मी वेगळं बोलले. “मीच नेते गॅरेजला. तुम्ही ऑफिसला जा.” त्यावर ते जे म्हणाले त्यात सगळं प्रकरण आहे.

“तुला लुटतील.”

खरं कारण हे होतं. गंज नाही, पाऊस नाही, वेळ नाही असंही नाही. आपल्या मध्यमवर्गीय घरांत गाडी दाखवायला उशीर होतो तो बहुतेकदा पैशांपेक्षा फसवलं जाण्याच्या भीतीनं. ‘एकदा गाडी वर घेतली की चार कामं काढतात’ हे वाक्य प्रत्येक बापाच्या तोंडी असतं. आणि ते अनुभवातून आलेलं असतं, त्याला हसण्यात अर्थ नाही.

मी आधी एका मोठ्या, एसी वेटिंग रूमवाल्या ठिकाणी गेले. तिथं काचेपलीकडे गाडी कुठं नेली ते दिसतही नव्हतं. अर्ध्या तासानं एक जण टॅब घेऊन आला, तेरा हजारांचा आकडा दाखवला आणि म्हणाला, “मॅडम, पप्पांचा नंबर द्या ना, त्यांच्याशी बोलतो.” पॅड किती मिलिमीटर उरलेत असं मी विचारलं. तो म्हणाला, “कंप्लीट जॉब आहे मॅडम.” मी गाडी घेऊन बाहेर पडले.

मग उद्यमनगरमधलं एक छोटं गॅरेज. कोल्हापूर म्हणजे फाउंड्रीचं गाव, गाड्यांचे पार्ट इथं ओतले जातात, लेथवर घासले जातात. या गल्ल्यांत मी आयुष्यात पहिल्यांदा पायी फिरत होते, हे माझंच मला विचित्र वाटलं. मिस्त्रींनीही आधी माझ्या मागं कुणी आहे का ते पाहिलं. कुणी नाही म्हटल्यावर म्हणाले, “बसा ताई, चाक खोलून दाखवतो.”

त्यांनी दाखवलं. मी एवढं जवळून कधी पाहिलं नव्हतं. पॅड म्हणजे लोखंडी पाटीवर चिकटवलेला मसाल्याचा थर. नवा असताना तो साधारण दहा मिलिमीटर असतो, तीनच्या आसपास आला की बदलायचा. कितीतरी पॅडना एक छोटी लोखंडी पट्टी असते. मसाला संपत आला की ती डिस्कला घासते आणि चीं आवाज येतो. म्हणजे तो आवाज बिघाड नसतो, निरोप असतो. कंपनीनं मुद्दाम ठेवलेला.

आमच्या डाव्या चाकाच्या बाहेरच्या पॅडवर चार मिलिमीटर शिल्लक होते. दादानं मोबाईलचा टॉर्च मारून रिममधून बघितलं होतं ते हेच, आणि ‘पॅड आहेत की’ म्हणून सांगितलं होतं. आतल्या पॅडवर काहीच नव्हतं. पाटी थेट डिस्कवर घासत होती. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यातली एक पीन गंजून अडकली होती, त्यामुळं सगळा भार एकाच पॅडवर येत होता. डिस्कवर बोटाला लागतील अशा खाचा पडल्या होत्या. मागच्या चाकाचा ड्रम काढला तर आत ओलं. सिलिंडरमधून ब्रेक ऑइल गळून लायनरवर पसरलेलं.

ऑइल लागलेला लायनर काय ब्रेक लावणार?

खर्च सांगते, कारण असा आकडा कुणी नीट सांगत नाही. पुढचे पॅड सतराशे, दोन्ही डिस्क मिळून तीन हजार, मागचे लायनर साडेनऊशे, सिलिंडर साडेपाचशे, ऑइल तीनशे, मजुरी नऊशे. एकूण सात हजार चारशे. तुमच्या गावात, तुमच्या गाडीला वेगळे होतील. पण मिस्त्रींचं एक वाक्य ऐका, “जूनमध्ये आला असता तर डिस्क वाचल्या असत्या.” म्हणजे ‘चालतंय की’ची किंमत नुसत्या डिस्कचेच तीन हजार. आणि सात हजार ही काही छोटी रक्कम नाही, मला माहितीये. आमच्याकडे महिन्याचं गणित हललं. पण त्याच गाडीत नऊ हजारांचे स्पीकर आहेत. दादाला हे मी सांगितलं तेव्हा तो चिडला, पण उलट काही बोलला नाही.

दुपारी पप्पा आले. जेवणाच्या सुट्टीत, न सांगता. मिस्त्रींनी काही न बोलता झिजलेला पॅड त्यांच्या हातात दिला. पप्पांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ. मग विचारलं, “कधीपासून असं असेल?”

“दोन-तीन महिने घासतंय बघा साहेब.”

ते काही बोलले नाहीत. मला त्या क्षणी जिंकल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

सगळ्यात शेवटी एअर काढायची असते. नळ्यांत हवेचा बुडबुडा राहिला तर पेडल स्पंजसारखं दबतं, कारण हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. या कामाला दोन माणसं लागतात आणि गॅरेजचा पोरगा त्या दिवशी आला नव्हता. मग मी ड्रायव्हर सीटवर बसले. खालून आवाज यायचा, “दाबा... दाबा... धरून ठेवा!” मी पाय रोवून धरायचे, ते पाना फिरवायचे, पेडल माझ्या पायाखालून हळूच खाली जायचं. “सोडा.” चार चाकं, पुन्हा पुन्हा. पारदर्शक नळीतून आधी कोऱ्या चहासारखं काळपट ऑइल आलं, मग हळूहळू मधासारखं स्वच्छ. पप्पा दारापाशी उभे राहून बघत होते.

हे ऑइल का बदलायचं, तेही मला तिथंच कळलं. ते हवेतली ओल शोषतं. आता बाटलीवर डॉट ३, डॉट ४ असं लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ ते किती उष्णता झेपवतं असा आहे. डॉट ३ ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळायचं, ओल धरल्यावर १४० वर आलं तरी नियमात बसतं. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की डिस्क आणि ड्रम भयंकर तापतात. ती उष्णता ऑइलपर्यंत पोहोचली आणि ऑइल जुनं असेल तर त्याची वाफ होते, आणि वाफ म्हणजे पुन्हा हवाच. पेडल दाबता, ते खाली जातं, गाडी थांबत नाही. ‘ब्रेक फेल’ अशी बातमी आपण वाचतो तेव्हा बऱ्याचदा ब्रेक अचानक तुटलेले नसतात. ते वर्षभर हळूहळू जात असतात, आपल्याला फक्त शेवटच्या वळणावर कळतं. म्हणून कंपनीच्या पुस्तकात ऑइल बदलायची मुदत दिलेली असते, बहुतेक गाड्यांना दोन वर्षांच्या आसपास. आमच्या गाडीचं ते पुस्तक अजून प्लास्टिकच्या पिशवीत होतं. उघडलंच नव्हतं.

जाता जाता, घाटात न्यूट्रल करून ‘पेट्रोल वाचवणाऱ्या’ काकांना माझा हात जोडून नमस्कार. आणि इंजिन बंद करून उतरणाऱ्यांना साष्टांग. ब्रेक हलका लागतो तो इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या बूस्टरमुळं. इंजिन बंद केलं की एक-दोन दाबांत ती मदत संपते आणि पेडल दगड होतं. घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुने ट्रक ड्रायव्हर सांगतात ते उगीच नाही.

आता माझं म्हणणं. लायसन्स काढताना मला क्लच शिकवला, आठचा आकडा शिकवला, रिव्हर्स शिकवला. बॉनेट एकदाही उघडलं नाही. लाल दिवा लागला तर काय, हे कुणी विचारलं नाही. सरकारचंही तसंच. टॅक्सीला, ट्रकला ठरावीक मुदतीनं फिटनेस सर्टिफिकेट घ्यावं लागतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपेपर्यंत आपल्या गाडीचे ब्रेक तपासायला कुणीही सरकारी माणूस येत नाही. पीयूसीवाला धूर बघतो, इन्शुरन्सवाला तारीख बघतो. धूर किती सोडते हे वर्षाला सांगायचं आणि थांबते का हे पंधरा वर्षांनी, हा काय न्याय आहे? मला वाटतं, पाच वर्षं झाली की खासगी गाडीची ब्रेक तपासणीही सक्तीची व्हावी. ‘अजून एक रांग, अजून एक एजंट’ असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मान्य आहे. तरीही.

पण तो नियम येईपर्यंत हे काम घरातल्या कुणाचं? मी म्हणेन, आपलं. घरात नुकतंच लायसन्स मिळालेला जो कुणी असेल त्याचं किंवा तिचं. आपल्याला कुठली सुपरकार किती सेकंदांत शंभरचा वेग गाठते हे पाठ असतं. शंभरवरून शून्यावर यायला आपल्याच गाडीला काय लागतं, हे विचारलंय कधी? वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, पण त्याआधीच्या कितीतरी गाड्या आपल्याच पार्किंगमध्ये उभ्या आहेत. आणि एबीएस असलं तरी ते चाक लॉक होऊ देत नाही एवढंच. संपलेल्या पॅडवर ते मसाला चढवत नाही.

हे वाचून कुणी व्हिडिओ बघून घरी पॅड बदलायला बसेल, तर थांबा. माझं मत वेगळं आहे. बघणं आपलं, खोलणं मिस्त्रीचं. डब्यातली ऑइलची पातळी बघा, पेडल किती खाली जातं ते बघा, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, स्टिअरिंग थरथरतं का ते बघा. त्यापुढं गॅरेज गाठा आणि तिथं उभे राहा. वेटिंग रूममध्ये नाही, गाडीपाशी. जुना पॅड हातात मागा. किती मिलिमीटर, का झिजला, दुसऱ्या बाजूचा कसा आहे, विचारा. जो मिस्त्री दाखवायला तयार असतो तो सहसा लुटत नाही. ‘तुला लुटतील’ला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे, आणि ते दरवेळी पुरेल अशी खात्री मी देत नाही.

मुलींना वेगळं सांगते. पहिली पाच मिनिटं तुमच्याशी कुणी नीट बोलणार नाही. ती पाच मिनिटं काढा.

गणपतीला आम्ही गेलो. आंब्याच्या पुढं धुकं इतकं की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. पप्पा सेकंड गिअरमध्ये, सावकाश. मागून एक गाडी सारखी हॉर्न मारत होती, त्यांनी लक्ष दिलं नाही. दादानं गाणी लावली नव्हती. साखरप्यात चहाला थांबलो तेव्हा पप्पांनी चाकाजवळ हात नेऊन उष्णता बघितली, मान हलवली आणि पहिला घोट घेऊन मला म्हणाले,

“तुझ्या स्कूटीचे ब्रेक कधी बघितलेस?”

मी बशीत बघत राहिले. दीड वर्ष झालं होतं.

“रविवारी जाऊया,” ते म्हणाले. “मिस्त्रींना मी फोन केलाय.”